झाकणाचे माप

गेल्या नोव्हेंबरात आमच्या पेणच्या घरात एक दांडा आला. लेकीने इंग्लंडहून येताना आणलेला. दीड-दोन वीत लांब, काळा, वरच्या टोकाला आकडे उमटणारा, खालचे टोक पाण्यात बुडवायचे. दिसायला न्हाणीघरातल्या जुन्या इमर्शन रॉडचा शिकलेला भाऊ. फरक इतकाच, की जुना रॉड पाणी तापवत सुटतो आणि थांबायचे कुठे हे त्याला कळत नाही. हा नवा दांडा सांगितलेल्या अंशावर पाणी आणतो आणि तासन्‌तास तिथेच धरून ठेवतो. आत एक छोटा पंखा असतो, तो पाणी फिरवत राहतो. पासष्ट म्हणजे पासष्ट. बँकेतल्या रोखपालाइतका काटेकोर.

"आजीसाठी आणलाय," लेक म्हणाली.

माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. दात सगळे गेले. कवळी आहे, पण ती फोटो काढायच्या वेळी लावण्यापुरती. जिभेची आवड मात्र जशीच्या तशी. कोंबडीचा तुकडा चावत नाही आणि वाटून दिलेला चालत नाही. "मी काय तान्हं मूल आहे, लगदा खायला?" असे ती विचारते आणि ताट सरकवते. लेकीचे म्हणणे असे, की या दांड्यावर शिजवलेली कोंबडी हिरड्यांनी खाता येते आणि तरी तुकडा तुकडाच राहतो.

या पद्धतीला फ्रेंच भाषेत ‘सू वीद’ म्हणतात. अर्थ ‘निर्वातात’. मांसाचा तुकडा पिशवीत घालायचा, हवा काढून पिशवीचे तोंड बंद करायचे आणि ती गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात कित्येक तास ठेवायची. हवा काढायला यंत्र लागते असेही नाही. उघड्या तोंडाची पिशवी हळूहळू पाण्यात उतरवली, की पाणीच चहूबाजूंनी दाबून हवा बाहेर घालवते; शेवटचे बोटभर तोंड राहिले की बंद करायचे. नावात मान निर्वाताला मिळाला असला, तरी खरी करामत उष्णतामानाची आहे. शंभर अंशांच्या उकळत्या पाण्यात कोंबडी टाकली, की बाहेरचा भाग आधी शिजतो, मग गरजेपेक्षा जास्त शिजतो, आकसतो, आतला रस पिळून बाहेर टाकतो. आणि तेव्हा कुठे हाडाजवळचा भाग शिजत असतो. पाणीच पासष्ट अंशांचे असेल, तर तुकडा बाहेरून काय नि आतून काय, पासष्टच्या वर जाऊच शकत नाही. घाई करणारा विस्तवच तिथे नाही.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. काउंट रमफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १७९९ साली एक हकिगत लिहून ठेवली आहे. बटाटे वाळवण्याच्या यंत्रात मटण भाजते का, हे त्याने पाहिले. तीन तास झाले तरी काही जमेना, म्हणून त्याने नाद सोडला आणि मांस तसेच आत राहू दिले. सकाळी पाहतात तो ते शिजून लोण्यासारखे मऊ झालेले. पुढे १९७४ साली फ्रान्समधल्या रोआन गावच्या त्र्वाग्रो बंधूंच्या खाणावळीसाठी जॉर्ज प्रालू या आचाऱ्याने बदकाचे महागडे काळीज प्लास्टिकमध्ये गुंडाळून मंद पाण्यात शिजवले, कारण नेहमीच्या रीतीने ते शिजताना फार घटत असे. म्हणजे शोध लागला तो चवीपेक्षा तूट वाचवण्यासाठी. हे वाचून माझ्यातल्या बँकवाल्याला बरे वाटले. मोठ्या हॉटेलांतले हे तंत्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत दांड्याच्या रूपाने घरोघरी पोचले, आणि असे ते आमच्या ओट्यावर आले.

आता मुद्दा झाकणाचा.

दांडा पातेल्याच्या काठाला चिमट्याने अडकवायचा असतो. तो अडकवला की झाकण बसत नाही. लेकीच्या तिकडच्या घरी यासाठी खास पारदर्शक डबा आहे, खाच पाडलेले झाकणही आहे. पण ते काही विमानातून आणण्याजोगे नव्हते. पहिल्या रात्री आम्ही दहा लिटर पाणी घातलेले स्टीलचे पातेले उघडेच ठेवले. ती परत गेली आणि प्रयोग माझ्या गळ्यात राहिला. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला आकडे मांडल्याशिवाय दुःखसुद्धा नीट होत नाही. मी वहीच घातली. रात्री दहा ते सकाळी आठ: पाणी गेले दीड लिटर. पातळी दांड्यावरच्या खुणेखाली आली, की तो केकाटतो आणि बंद पडतो. पहाटे चार वाजता तो केकाटला, तेव्हा आईला वाटले, दारात कुणी आले.

नुसते पाणी जाते असे नाही. पाण्याची वाफ होताना ती फार मोठी उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच उकळत्या लिटराची वाफ करायला लागते. पाणी पासष्ट अंशांवर असले, म्हणजे वाफ नाही असे नाही. ती दिसत नाही इतकेच. उघडे पातेले म्हणजे खाते उघडे टाकून सुट्टीवर गेलेला खातेदार.

हे मला खऱ्या अर्थाने कळले ते डिसेंबरात. एक किलो मटण अठरा तासांसाठी लावले होते. मटणातले चिवट तंतू मंद आचेवर विरघळायला इतका वेळ लागतो. मध्यरात्री वीज गेली आणि पहाटे आली. मी झोपेत होतो. उठून पाहिले तर पाणी एक्केचाळीस अंशांवर. साठच्या खालचे उष्णतामान म्हणजे जंतूंचा सुकाळ. असे तासन्‌तास कोमट राहिलेले मांस पुन्हा तापवून खाण्यात शहाणपण नाही, कारण काही जंतूंनी टाकलेले विष पुन्हा तापवूनही जात नाही. घरात सत्त्याऐंशी वर्षांचे माणूस. सगळे मटण परसात खड्डा करून पुरले. आई ओटीवरून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "झाकण नाही त्या भांड्याचा भरवसा नाही."

मग मी झाकणामागे लागलो. आधी ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला. दांड्याभोवती तो तासाभरात फाटला. लेकीने फोनवर सांगितले, की तिकडे लोक पाण्यावर टेबल टेनिसचे चेंडू तरंगत सोडतात, त्यांच्या थराखाली वाफ दबते. आमच्या पातेल्याच्या तोंडाला तीस-बत्तीस चेंडू लागले असते. बाजारातल्या दुकानदाराकडे सहांचे एक पाकीट होते. "आजोबा, स्पर्धा आहे काय?" त्याने विचारले. मग प्लास्टिकच्या डब्याचे झाकण तापलेल्या सुरीने कापले. कापले छान, पण वाफेने रात्रीत त्याचा पापड झाला. आणि पापडाच्या बाबतीत पेणकरांना शिकवायला नको.

आईच्या स्वयंपाकघरात झाकण ही कधी एकच वस्तू नव्हती, हे मला या खटाटोपात आठवू लागले. भाजी शिजताना पातेल्यावर खोलगट ताट आणि ताटात पाणी. ताट थंड राहते, आतली वाफ त्याच्या बुडाला लागून पुन्हा पाणी होते आणि भाजीत ठिबकते. ताटातले पाणी कोमट झाले की रस्सा वाढवायला तेच. मोदक उकडताना झाकणाला फडके बांधायचे, कारण तिथे उलट हवे असते. थेंब मोदकावर पडले तर कळ्या बसतात. कोबीचे भानोले करायचे तर झाकणावर निखारे. दुधावर जाळी, दह्यावर मलमल. प्रत्येक पदार्थाला काय आत ठेवायचे आणि काय जाऊ द्यायचे याचे वेगळे उत्तर होते, आणि ते उत्तर म्हणजे झाकण.

झाकणाला भोक पाडणाऱ्यांचाही मोठा वंश आहे. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये घट्ट झाकणाचे भांडे दाखवले, ज्यात वाफ कोंडून हाडेही मऊ होत. कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते, म्हणून त्याने वर वजन ठेवलेली एक झडप बसवली. जादा वाफ वजन उचलून बाहेर जाई. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी ही त्या झडपेची पणती. कुकर आतले उष्णतामान एकशेवीस अंशांच्या आसपास नेतो आणि वेळ वाचवतो. माझा दांडा पासष्टवर बसतो आणि वेळ खातो. दोघांची वाट उलटी, पण दोघांचा जीव झाकणात आणि झाकणातल्या भोकात. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली कोलकात्यात तयार केलेला इक्मिक कुकर आणि आपल्याकडचा रुक्मिणी कुकर बसतात. खाली निखारे, वर डब्यांची चळत, आणि कामावर जाऊन परत येईपर्यंत डाळ-भात तयार. माझ्या आजोळी रुक्मिणी कुकर होता. त्याचे झाकण एकदा चेपले, तर मामा ते काखोटीला मारून पत्र्याचे काम करणाऱ्याकडे गेले आणि तासाभरात ठोकून, नीट बसवून घेऊन आले. झाकण चेपले म्हणून कुकर टाकायचा, ही कल्पनाच कुणाला सुचली नसती.

तसे काम करणारा माणूस आता कुठे मिळणार, असा विचार करता करता मला एक माणूस आठवला. खरे सांगायचे तर तो मी कधी पूर्ण विसरलो नव्हतो.

१९८८ साली मी रोह्याच्या एका शाखेत होतो. चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, यांना रोहेकर आपला माणूस मानतात. त्या गावात कर्जविभागात बसण्याचा अठ्ठावीस वर्षांच्या मला थोडा गर्वच होता. ते एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र यांची कर्जे यादीप्रमाणे वाटायची. एके दिवशी एक पत्रेकाम करणारा माणूस आला. घमेली, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, कंदिलाच्या टाक्या आणि हरतऱ्हेची झाकणे हे त्याचे काम. त्याला पत्रा कापायचे हातयंत्र आणि वेल्डिंगचे यंत्र घ्यायचे होते. मागणी बारा हजारांची. दारिद्र्यरेषेच्या यादीत त्याचे नाव नव्हते, त्यामुळे अनुदान नाही. दुकानाची जागा भाड्याची आणि भाड्याची पावती नाही. जामीनदार एकच. मी त्याला विचारले, "वर्षाला किती झाकणं बनवता?" तो म्हणाला, "साहेब, झाकण मोजून कसं सांगू? भांडं घेऊन माणूस येतो, मी त्याच्या भांड्याला बसवतो." उलाढालीच्या रकान्यात हे उत्तर कसे भरायचे, मला कळले नाही. मी अर्जावर शेरा लिहिला: ‘प्लास्टिकच्या वस्तूंमुळे मागणी घटत आहे. व्यवसाय किफायतशीर वाटत नाही.’ खाली सही.

शेरा चुकीचा नव्हता, ही त्यातली पंचाईत. पाच-सात वर्षांत प्लास्टिकने नरसाळी खाल्ली, घमेली खाल्ली, कोठ्याही खाल्ल्या. मी एका कादंबरीत त्या माणसाला आणण्याचा प्रयत्नही केला होता. जमले नाही, ते प्रकरण फाडले. कादंबरीत माणूस बसवायलाही त्याचे माप घ्यावे लागते. मी घेतले नव्हते.

चौकशी करता कळले, की तो धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटदाराकडे लागला होता, पंचवीस वर्षे तिथे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि नळ्या जोडण्याचे काम केले, आणि आता पेणजवळ मुलाच्या शेडमध्ये असतो. मुलगा फाटके, ग्रिल, पत्र्याच्या छपरांची कामे घेतो. मी पातेले, दांडा आणि एक जुने स्टीलचे झाकण पिशवीत घालून रिक्षाने गेलो.

मुलाने पातेले पाहिले आणि हसला. "काका, यात आमचं डिझेलपण सुटणार नाही." तो बरोबर बोलत होता. त्याच्या जागी मी असतो तर हाच शेरा लिहिला असता. तेवढ्यात आतल्या बाजेवरून आवाज आला, "आण इकडे."

सत्तरीचा माणूस. चष्म्याला दोरी. बोटे अजून ताठ. मी त्याला ओळखायला दोन क्षण घेतले. त्याने मला ओळखले की नाही, ते त्या वेळी कळले नाही. त्याने दांडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारले, "हे तापतं कुठे आणि भिजलेलं चालत नाही कुठे?" इतके दिवस मी दांड्याचा घेर मोजत होतो. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. वरच्या डोक्यात बटणे आणि विजेचे सगळे नाजूक काम असते; झाकणाच्या भोकातून निघालेली वाफ थेट त्यावर गेली, तर महिन्याभरात दांडा निकामी.

"मधोमध गोल भोक नको मिस्त्री, दांडा कडेला असतो," मी शहाणपणा केला.

"गोल भोक पाडलं तर झाकण घालताना दरवेळी दांडा काढावा लागेल," तो म्हणाला. "काठापासून आत खाच पाहिजे. घोड्याच्या नालेसारखी. दांडा लावलेला राहील, झाकण बाजूने सरकेल."

कर्कटकाने त्याने झाकणावर रेघ मारली. ड्रिलने रेघेच्या आतून ओळीने बारीक भोके पाडली, छिन्नीने मधला तुकडा उडवला आणि कानशीने कड घासायला घेतली. मुलाकडे कापायचे विजेचे यंत्र होते. त्याने ते लावले नाही. पातळ पत्रा तापून वाकडा होतो, म्हणाला. मग कड हातोडीने खाली वळवली, अर्धा बोटभर, ओठासारखी. "वाफ इथे आपटेल, गार होईल आणि आत पडेल. वर जाणार नाही." शेवटी झाकण लाकडावर ठेवून मधोमध ठोकत ठोकत त्याला किंचित खोलगटपणा दिला, म्हणजे आतून जमलेले थेंब काठाकडे न जाता मध्यावर जमून परत पाण्यात पडतील. माझ्या आईचे पाण्याचे ताट मला आठवले. मी त्याला ते सांगितले. "तेच आहे," तो म्हणाला. "धाटावला मोठ्या टाक्यांना हेच करायचो. फक्त तिथे त्याला इंजिनीयर सही करायचा."

सहीचा शब्द निघाला आणि तो थांबला. कानस खाली ठेवली.

"त्या अर्जावर सही तुमची होती साहेब."

"होय," मी म्हणालो.

"तेव्हा राग आला होता."

मी काहीतरी बोलायला हवे होते. नियम असे होते, वरून आदेश असे होते, आणि प्लास्टिकचे तर खरेच झाले. यातले सगळे माझ्या तोंडाशी आले. त्यातले काहीच खोटे नव्हते, म्हणूनच बोलवेना. शेवटी विचारले, "कर्ज मिळालं असतं तर काय केलं असतंत?"

तो बराच वेळ विचार करत होता. "माहीत नाही. कदाचित बुडालो असतो. कदाचित तुमच्यासारखे लोक पातेली घेऊन येत राहिले असते." मग त्याने खाचेच्या कडेवर बोट फिरवून धार राहिली नाही ना ते पाहिले. "पाण्याच्या मोटारीच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणा. उभी चिरून या कडेला बसवा. म्हणजे दांड्याला घट्ट लागेल, पण फार आवळू नका. थोडी फट हवी. वाफेला थोडी वाट ठेवावी."

पैसे किती, विचारले. "दीडशे." मी पाचशेची नोट पुढे केली, तर त्याने मुलाला हाक मारून सुटे आणवले आणि साडेतीनशे मोजून परत दिले. "पावती पाहिजे का?" तो विचारत होता, की टोमणा मारत होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

झाकण बसले. वहीत नवी नोंद झाली: दहा तासांत पाणी गेले एक कपभर. दांडा मुद्दाम बंद करून तासाभराने पाहिले. उघड्या पातेल्यात पासष्टचे त्रेपन्न झाले होते, झाकलेल्यात साठ राहिले. रात्री दोन-तीन तास वीज गेली तर कुठलेच झाकण मांस वाचवणार नाही, हे खरे. पण तासाभराची घालमेल आता पेलते. रात्रभराचे मटण मी तरीही लावत नाही. तीन तासांची कोंबडी, तीही दिवसा आणि डोळ्यांसमोर, एवढीच शिस्त ठेवली आहे.

एक फजितीही सांगून टाकतो. उत्साहाच्या भरात मी सोललेले वाल पिशवीत घालून पासष्टवर सहा तास ठेवले. वाल तसेच कडक. आई हसली. भाज्या आणि कडधान्ये यांना धरून ठेवणारा पदार्थ निराळा असतो. तो पंच्याऐंशी अंशांच्या आसपास गेल्याशिवाय सैल होत नाही. शिवाय काही कडधान्ये नीट उकळल्याशिवाय पोटाला बाधतात. "वालाला विस्तवच लागतो," आई म्हणाली. "पोपटी लाव. मला ने."

पेण-रोहा-अलिबाग पट्ट्यात थंडीत पोपटी लागते, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. भात कापून झाले, की जमिनीतल्या उरल्या ओलाव्यावर इथे वाल करतात. त्याच्या शेंगा भरल्या, की मातीचे मडके आणायचे. तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. हा रानपाला थंडीत शेताच्या बांधावर आपसूक उगवतो आणि त्याला ओव्याच्या अंगाने जाणारा एक उग्र वास असतो. त्यावर शेंगांचा थर, जाडे मीठ, ओवा, मध्ये बटाटे, कोनफळ, अंडी, आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही, तेलाचे बोट नाही. मग तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडके जमिनीवर उलटे ठेवायचे आणि भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. गुजरातेत वलसाडकडे उंबाडियूं करतात, तेही असेच उलट्या मडक्यात.

रोह्याकडच्या एका मित्राच्या शेतावर आम्ही जानेवारीत आईला खुर्चीत बसवून नेले. मडके उलटे का ठेवतात, हा प्रश्न पासष्ट वर्षांत मला पडला नव्हता. दांड्याच्या नादाने पडला. गरम वाफ वर जाते. मडके सुलटे असते, तर ती तोंडातून निसटली असती. उलटे केले, की वर जायला वाट नाही. वर सगळे मडकेच आहे. म्हणजे पोपटीत मडके हेच झाकण, आणि पाल्याचा बोळा ही त्याची झडप. बाहेर जाळ कितीही असो, शेंगांच्या अंगच्या पाण्याची वाफ आत आहे तोवर आतला माल शंभर अंशांच्या आसपासच राहतो. जळत नाही, शिजतो. दांड्यात जे काम आकडे करतात, ते इथे शेंगेतला ओलावा करतो. केळीच्या पानातली कोंबडी आणि माझ्या पिशवीतली कोंबडी या एकाच घरच्या दोन लेकी.

पाला कोंबणारा पोरगा अंगठ्याने दाबून दाबून भरत होता. आईने खुर्चीतून हात केला. "मारू नकोस रे त्याला. गच्च भर, पण दाबून मारू नकोस. श्वास राहू दे." मिस्त्रीचे वाक्य मी तिला सांगितले नव्हते.

जाळ बसल्यावर मडक्यावर पाणी शिंपडले. चुर्र झाले, तसे मडके उतरवले. आईला शेंगांतले मऊ दाणे सोलून दिले. कोंबडी मात्र तिच्याच्याने झाली नाही. तिने तुकडा नाकाशी धरला, वास घेतला आणि मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी मी शेतावरून आणलेली भांबुर्डीची चार पाने पिशवीत कोंबडीबरोबर घातली. पासष्ट अंश, तीन तास, वर मिस्त्रीचे झाकण. थाळीत दोन तुकडे घालून आईसमोर ठेवले. तिने कवळी न लावता खाल्ले. मी वाट पाहत उभा.

"मऊ आहे," ती म्हणाली. आणखी थोड्या वेळाने: "धुराचा वास नाही."

"धूर कुठून आणू?"

"नाही, ते असू दे. चांगलं आहे." तिने दुसरा तुकडा घेतला. मग ओट्यावरच्या झाकणाकडे पाहत म्हणाली, "ज्याने केलं त्याला पैसे दिलेस ना?"

"दिले."

"किती?"

"दीडशे. त्याने तेवढेच घेतले."

आईने मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही. अर्जाची गोष्ट तिला ठाऊक नाही. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: झाकण एक, रुपये दीडशे. शेऱ्याचा रकाना कोरा सोडला आहे.